किल्ली कुठे ते सांगू नकोस

४ फेब्रुवारी, रविवार

आज पहिल्यांदा बंदुकीचा आवाज जवळून ऐकला आणि अजून माझे दात शिवशिवतायत. दिवसभर लॅबमध्ये बसून लोकांचे दात बनवणारी बाई मी, पण आवाज दातांतून आत शिरतो हे मला माहीत नव्हतं.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कधीचा मागे लागला होता. "एकदा रायफल क्लबात चला. सगळे चला. मोकळी हवा, हातात मोबाइल नाही, आणि जावईबापूंचं डोकंही जरा दुसरीकडे लागेल." दादाच्या मते जगातले निम्मे आजार मोकळ्या हवेने जातात आणि उरलेले निम्मे त्याचं ऐकल्याने.

ह्यांचं डोकं कुठे लागलंय ते ठाऊक असून दादा असं बोलतो. हे लिफ्ट दुरुस्त करतात. करायचे. ऑगस्टमध्ये एका इमारतीत ह्यांचा जोडीदार शाफ्टमध्ये पडून गेला. दोघं इतकी वर्षं बरोबर काम करत होते की डबाही एकमेकांचा खायचे. हे पाना उचलायला मागे वळले, तेवढ्यात झालं. चौकशी झाली, ह्यांच्यावर कसलाही ठपका आला नाही. कंपनी म्हणाली, विश्रांती घ्या, वाटेल तेव्हा या. ह्यांना काही वाटतच नाही. खिडकीपाशी बसतात. चहाचा कप उचलला की बशी खडखड वाजते, इतके हात थरथरतात.

तर रेंजवर चटईवर पालथं पडायचं, पुढे वाळूची पिशवी, तिच्यावर रायफल. माझी पाळी आली तेव्हा माझी पाचावर धारण बसली. डोळे मिटून चाप ओढला. कागदाला काही झालं नाही. शेजारच्या माणसाच्या कागदाला झालं. चिमी, आमची तेरा वर्षांची कन्या, इतकी हसली की तिला चटईवरून उठवावं लागलं.

मग हे पालथे पडले. मी रायफल बघतच नव्हते, मी हात बघत होते. हात हलले नाहीत. कागद जवळ आणला तर पाचही भोकं चहाच्या कपाखाली झाकली गेली असती. दादा ओरडला, "अहो, हे काय! आम्ही काय इतकी वर्षं गवत उपटत होतो?" आणि हे हसले. दात दिसले. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

भीती वाटते मला त्या वस्तूची. पण खिडकीपाशी बसलेल्या माणसाची जास्त वाटते.

८ फेब्रुवारी

जेवताना विषय काढला. आपण आपली रायफल घ्यावी का? क्लबची मिळते ती जुनी, चिमीला मोठी पडते, आणि रविवारी रांग असते. चिमी खुर्चीतून उडालीच. "घेऊया! मी नंबर काढेन! मी शाळेत सांगू?"

"शाळेत नको सांगूस," मी म्हणाले.

हे म्हणाले, "नको घेऊ." मी म्हणाले, "पैशांचं मी बघते." ह्यांनी मान हलवली. "पैशांचं नाही. नको एवढंच." आणि ताट उचलून मोरीकडे गेले.

स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की ह्यांना जड जातं. लग्नातला कोटसुद्धा सासऱ्यांनी जबरदस्तीने शिवला होता. ह्यांच्या "नको"चा अर्थ लावता लावता मी सोळा वर्षं काढली आहेत. हा "नको" म्हणजे "तुला त्रास नको."

१७ फेब्रुवारी, शनिवार

दुकान. दोन पायऱ्या उतरून आत जायचं, आत तेलाचा आणि नव्या लाकडाचा वास. मला वाटलं होतं मिशीवाला कोणी असेल. निघाल्या एक बाई, साठीच्या, गळ्यात साखळीला लटकवलेला चष्मा, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं. मालकीण त्याच. बोलण्याची हौस दांडगी.

"पहिल्यांदाच घेताय? मग माझं ऐका. देखणी आहे म्हणून घेऊ नका, नवरे तसेच घेतात बायका." ह्यांच्याकडे बघून, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

काडतूस दाखवलं, चिमीच्या करंगळीच्या पेराएवढं. "मोठ्या बंदुकीच्या काडतुसाला बुडाशी मधोमध टिकली असते, टाचणी तिच्यावर आपटते. ह्याला टिकली नाही. ह्याची पेटवायची दारू बुडाच्या काठात भरलेली. टाचणी काठावर बसते. स्वस्त, धक्का नाहीच, आवाजही कमी. घरच्यांनी मिळून शिकायला हीच." कमी आवाज म्हणे! माझे दात विचारा.

मग तीन काढल्या. एक काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची, पिसासारखी. चिमीने खांद्याला लावली आणि लगेच तिच्या प्रेमात पडली. बाई म्हणाल्या, "हिला काही होत नाही, पाणी लागू दे, पडू दे. पण हलकी रायफल श्वासाबरोबर नाचते. दोन महिन्यांत कंटाळाल." दुसरी जुनी, अक्रोडाच्या लाकडाची, दस्ता असा तुकतुकीत की हात फिरवत राहावं. एका वेळी एकच काडतूस घालायचं. पण वजन! चिमीने उचलली आणि तिची पाठ धनुष्यासारखी झाली. तिसरी मधली. जाड नळी, साधं लाकूड, आणि दस्त्याच्या मागे पट्ट्या. त्या काढल्या की चिमीच्या हाताला बसते, घातल्या की ह्यांच्या. चापाचा ताणही स्क्रूने कमीजास्त होतो. "ही कुटुंबाची रायफल," बाई म्हणाल्या. "हिच्यावर कोणी कविता करणार नाही, पण नातवंडांपर्यंत टिकेल."

ह्यांनी एवढ्या वेळात एकच गोष्ट विचारली. "हा बोल्ट कसा निघतो?"

बोल्ट म्हणजे मागे-पुढे सरकणारा दांडा, त्याच्यातच टाचणी. बाईंनी चाप दाबून धरला आणि तो अख्खा दांडा सर्रकन मागे काढून ह्यांच्या तळहातावर ठेवला. "झालं. आता ही नुसती काठी. बोल्टशिवाय बार होत नाही."

हे तो तळहातावर घेऊन किती तरी वेळ बघत राहिले. बाईंनी हात पुढे केला, तरी दिला नाही. मग माझ्या लक्षात आलं आणि मी कोपराने ढोसलं. यंत्र दिसलं की ह्या माणसाचे डोळे कसे जागे होतात! मला इतकं बरं वाटलं.

निघताना बाईंनी विचारलं, "घरी कोण कोण असतं? सगळ्यांचं बरं आहे ना? मी सगळ्यांनाच विचारते." मी म्हणाले, "आम्ही तिघंच. ठणठणीत." हे दरवाजाजवळच्या कपाटाच्या काचेत बघत होते.

६ मार्च

परवान्याची मुलाखत. अर्ज माझ्या नावाने केला, कारण ह्यांनी हट्टच धरला, "माझं नाव नको." अधिकारी तरुण होता आणि त्याला सर्दी झाली होती. घरात कोणाला काही आजार? मी सांगितलं, मिस्टर रजेवर आहेत, दमलेत, बाकी काही नाही. त्याने नाक पुसलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

बाहेर आल्यावर अर्जाची पावती दोनदा वाचली. खोटं थोडंच बोलले मी? दमलेच आहेत.

२४ मार्च, शनिवार

घेतली. मधली.

बाईंनी कसं पुसायचं, नळीतून दोरी कशी ओढायची, सगळं दाखवलं. "नवी असो, जुनी असो, हातात घेतली की आधी बोल्ट मागे ओढायचा आणि डोळ्यांनी आत बघायचं. कोणी सांगितलं रिकामी आहे, तरी. देवाने सांगितलं, तरी." चिमीने ते तीनदा करून दाखवलं, शाळेतल्या कवायतीसारखं.

हे म्हणाले, "क्लबात ठेवता येते ना?"

"येते की," बाई म्हणाल्या. "तिथे जाड पोलादी कपाट आहे. बरेच जण तिथेच ठेवतात."

"मग तिथेच ठेवूया."

मी म्हणाले, एवढी हौसेने घेतलेली वस्तू आणि दुसऱ्यांच्या कपाटात? घरी तिला पुसाल, तेल लावाल, हाताला काम राहील. त्यासाठीच तर घेतली. हे म्हणाले, "मग दादांकडे ठेव." मला राग आला. माझ्या भावाच्या घरी का? तो महिनाभर सगळ्या गल्लीला दाखवत बसेल.

पोलादी कपाटही घेऊन टाकलं, अरुंद, उभं, भिंतीत ठोकायचं. ते ह्यांनीच ठोकलं. चार जाड स्क्रू, पाना, साबणाच्या पाण्यासारखा घाम. काम झाल्यावर कपाटाला असा धक्का दिला, की घर हलेल पण ते हलणार नाही.

मी किल्ली हातात धरून म्हणाले, "चिमीच्या हाती लागता कामा नये. फक्त तुम्हाला आणि मला माहीत. मी ती ठेवते..."

"किल्ली कुठे ते सांगू नकोस."

"का?"

"मी विसरतो. माझ्या तोंडून चिमीसमोर निघून जाईल."

खरंय, हल्ली विसरतात. मग मी एकटीनेच ठेवली. पिठाच्या डब्यामागे. तिथे माझ्याशिवाय कोणाचा हात जात नाही.

२५ मार्च

रात्री झोपच नाही. त्या खोलीत ती आहे, हे डोळे मिटले तरी कळतं, कोणी पाहुणा येऊन न बोलता बसावा तसं. चिमीला कुतूहल भारी. लहानपणी प्लगमध्ये चमचा घातला होता तिने. सकाळी उठून पिठाचा डबा आधी बघितला. किल्ली जागेवर.

हेही झोपले नव्हते. पाठ माझ्याकडे करून जागे होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही. तू झोप."

२९ मार्च

चांगली बातमी लिहायला मिळते तेव्हा हात कसा भराभर चालतो! ह्यांनी कपाट आवरलं. कपड्यांचं. जुने शर्ट, कामाचे बूट, सगळं बांधून एका गाठोड्यात. अवजारांची पेटी कंपनीतल्या एकाला देऊन टाकली. मी म्हणाले, अहो, ती तर तुमचा जीव की प्राण. म्हणाले, "त्याच्या उपयोगी पडेल." नव्याने सुरुवात करायची असेल तर जुनं जायलाच हवं. दादालाही तेच वाटतं. "बघ, मोकळी हवा!" म्हणाला.

संध्याकाळी चिमीला फ्यूज कसा बदलायचा ते शिकवत होते. कुठला दिव्यांचा, कुठला गीझरचा. मग मलाही बोलावलं. गॅसची नळी, पाण्याचा मुख्य नळ, विमा कोणत्या खणात. मी म्हणाले, तुम्ही असताना मला काय करायचंय हे सगळं? म्हणाले, "असावं माहीत."

इतके शांत बऱ्याच महिन्यांत नव्हते. बशी वाजली नाही.

१ एप्रिल, रविवार

रेंज. दिवस सोन्यासारखा. चिमीने दहातले सात कागदावरच्या काळ्या गोलात मारले आणि मला मिठी मारताना आवाज अडवायचे कानावरचे मफ माझ्या नाकावर आपटले. मीही आज एका कागदाला भोक पाडलं, आपल्याच! दादाने टाळ्या पिटून सगळ्या रेंजला गोळा केलं.

ह्यांनी नेम धरला आणि धरूनच राहिले. मग बोल्ट मागे ओढला, काडतूस काढून चटईवर उभं ठेवलं आणि उठले. "आज नाही," म्हणाले. आणि मग दुपारभर दुर्बिणीतून चिमीचे नेम सांगत बसले. "थोडं डावीकडे. श्वास सोड. घाई नाही."

गाडीत मी म्हणाले, तुम्ही का नाही मारलंत? ह्यांनी खिडकीची काच खाली केली. चिमी मागे झोपली होती.

घरी आल्यावर रायफल मी पुसली. हे त्या खोलीत येत नाहीत. दारातूनच सांगतात, तेल कमी लाव. माझ्या अंगावर शहारा येतो तिला हात लावताना, आणि ज्यांच्यासाठी घेतली ते उंबऱ्याबाहेर. नाकापेक्षा मोती जड झालाय.

५ एप्रिल

आज लॅबमध्ये मेणाचे दात बसवताना मी अचानक मधेच थांबले. कारण काही नाही. एका म्हाताऱ्याची कवळी होती, समोरचा दात किंचित तिरका ठेवायचा होता, त्याला पूर्वीसारखंच हसायचं होतं म्हणून. चिमटा हातात आणि मला वाटलं, घरी जावं. आत्ता.

घरी फोन केला. हे लगेच बोलले. "काय गं?" मी म्हणाले काही नाही, दूध तापवून ठेवाल का? "ठेवतो." आवाज साधा. मला माझंच हसू आलं. पण पुढचा दात दोनदा उलटा बसवला.

१० एप्रिल, मंगळवार

आज लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

अकरा वाजता पुन्हा तसंच वाटलं, घरी जावं. फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. मालकांना सांगितलं, बरं वाटत नाही, आणि निघाले. बसची वाट बघायला धीर नव्हता, रिक्षा केली.

दाराला कुलूप लावलेलं. आत सगळं लख्ख. भांडी घासून पालथी, पलंगाची चादर ताणलेली, टेबलावर चिमीसाठी ब्रेड आणि अंडी झाकून ठेवलेली. हाक मारली. माझाच आवाज भिंतीवरून परत आला. त्या खोलीत गेले. पोलादी कपाटाचं दार अर्धवट उघडं, आणि किल्ली कुलपात.

काळजाचा ठोका चुकणं म्हणतात ते उगाच नाही. तो खरंच चुकतो, आणि मग पडतो तेव्हा कानात पडतो.

रायफल जागेवर होती. उभी. एक क्षण मला हसू फुटलं, रडू फुटतं तसं. मग दिसलं, बोल्ट नव्हता. जिथे तो असतो तिथे नुसती मोकळी खाच.

पहिली आठवण झाली चिमीची. शाळेत फोन लावला. शिपाई वर्गात जाऊन आला तोवर मी जमिनीवर बसले होते. वर्गातच आहे, गणित चाललंय. बरं. मग बोल्ट कुणी नेला? काडतुसांचा डबा बघितला, बंद होता. मग एकेक गोष्ट डोळ्यांसमोर आली. बूट. पेटी. गॅसची नळी. "असावं माहीत." इतके शांत. मी इतकी खूष होते. देवा, मी किती खूष होते.

ओरडले का माहीत नाही. शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या होत्या, एवढं आठवतं. आणि फोन वाजत होता.

"मी दुकानातून बोलतेय," बाई म्हणाल्या. "रायफलवाली. मिस्टर माझ्याजवळ बसलेत. सुखरूप आहेत. दुकानाला मी कुलूप लावलंय, कोणी येणार नाही. चहा दिलाय. तुम्ही या. धावत येऊन पडू नका."

मी "हो, हो" म्हणत राहिले. त्यांनी फोन ठेवल्यावरही म्हणत होते.

हे स्टुलावर बसले होते, कोट घालून, एवढ्या उन्हात. शहराच्या त्या टोकापासून चालत आलेले, बुटांवर धूळ. समोर काउंटरवर हिरव्या फडक्यावर तो बोल्ट. बाई आतल्या खोलीत गेल्या, दार उघडंच ठेवून.

मी शेजारी जाऊन उभी राहिले. हेच बोलले, काउंटरकडे बघत.

"किल्ली पिठाच्या डब्यामागे होती. पहिल्याच दिवशी सापडली मला. मी सांगू नकोस म्हणालो, तरी तू घरातल्या घरातच ठेवलीस."

"मला काय माहीत..."

"तुला कसं माहीत असणार. मीच नाही बोललो." बोल्टखालचं फडकं ह्यांनी सरळ केलं. "तू गेलीस की मी त्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहायचो. रोज. काही करत नव्हतो. उभा राहायचो फक्त. आज आत गेलो."

मी त्यांचा हात धरला. गार होता.

"काढला आणि खिशात टाकला. म्हटलं, हा घरात नको. मग चालत सुटलो. थांबलो असतो तर परत फिरलो असतो. दादांकडे जाणार होतो. पण दादा हसले असते."

"आणि इथे?"

"ह्या बाई म्हणाल्या होत्या ना, बोल्टशिवाय ती नुसती काठी." मग ह्यांचा चेहरा असा मोडला, ओल्या प्लास्टरचा साचा हातातून पडावा तसा. "मला जायचं नाहीये गं. पण दिवसभर वाटत राहतं की जावं. त्याच्याजवळ."

त्याच्याजवळ म्हणजे कोणाजवळ ते विचारावं लागलं नाही.

आतून बाई म्हणाल्या, "मी एका डॉक्टरांना फोन केलाय. माझ्या ओळखीच्या आहेत. आजच बघते म्हणाल्या. बोल्ट राहील माझ्या तिजोरीत." आणि मग जरा खाकरून, "'घरी सगळ्यांचं बरं आहे ना?' हा मी सगळ्यांनाच विचारते. मी फार पटकन विचारते. यापुढे उत्तरासाठी जरा थांबेन."

११ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर ह्यांना सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" मी दचकले. असले शब्द आपण घरात उच्चारत नाही, वास्तू तथास्तु म्हणते म्हणतात. आणि हे म्हणाले, "हो." जोड्याचं माप सांगावं इतक्या सहज. महिन्यांमागून महिने कोणीतरी तेवढंच विचारायची वाट बघत होते जणू.

मला बाहेर घेऊन म्हणाल्या, "विचारल्याने मनात येत नाही. असतं ते बाहेर येतं. तुम्हीही विचारा. रोज. आडून नाही, सरळ."

गोळ्या आहेत. दर आठवड्याला जायचं आहे. एकटं ठेवायचं नाही. पंधरा दिवसांची रजा टाकली.

संध्याकाळी दादा आला. रायफल आणि काडतुसं गाडीत घालून क्लबात न्यायला. मला वाटलं, आता काहीतरी मोकळ्या हवेचं बोलेल. तो ह्यांच्यासमोर उभा राहिला, तोंड उघडलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. "माझ्याकडे का नाही आलात? मी एवढा वाईट आहे का हो?" ह्यांनाच त्याची पाठ थोपटावी लागली.

१३ एप्रिल

चिमीला सांगितलं. हेच बोलले, मी नुसती बसले. बाबा आजारी आहेत, मन आजारी पडलंय, उपचार चालू आहेत, तुझ्यामुळे काही झालेलं नाही.

ती म्हणाली, "मला माहीत होतं. फ्यूज शिकवताना तुम्ही रडत होतात. मी विचारलं तर डोळ्यात धूळ गेली म्हणालात. बंद खोक्यात कसली धूळ?"

तेरा वर्षांच्या पोरीला दिसलं, आणि मी त्या दिवशी चांगली बातमी म्हणून लिहून मोकळी झाले. आधीची पानं उलटायचा धीर होत नाही.

२० एप्रिल

रात्री ह्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत जागी असते. थांबला असं वाटलं की उठून बसते. बाथरूममध्ये जरा वेळ लागला की दाराशी जाऊन "टॉवेल हवाय का?" विचारते. आज आतून म्हणाले, "चौथा टॉवेल आहे हा." दोघंही हसलो. दार मात्र मी उघडं ठेवायला लावलं.

विचारायचं फार कठीण जातं. "आज तसं काही..." म्हणते आणि थांबते. मग हेच पुरं करतात. "आज आहे, थोडं." किंवा "सकाळी होतं." एक दिवस म्हणाले, "खूप आहे." आम्ही डॉक्टरांना फोन केला, दादा आला, आणि चौघं पहाटेपर्यंत पत्ते खेळलो. दादा लबाडी करतो. चिमीने त्याच्या बाहीतून राणी काढली.

६ मे, रविवार

रेंजवर गेलो. म्हणजे चिमी, दादा आणि मी. हे घरी शेजारच्या वहिनींच्या मिस्टरांबरोबर बुद्धिबळ खेळत बसले. डॉक्टर म्हणाल्या होत्या, रायफलजवळ एवढ्यात नको, पुढेही बघू. बोल्ट दुकानातून क्लबात आलाय, रायफलपासून वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या क्लबच्या सचिवांकडे.

चिमीला विचारलं, रायफल विकून टाकायची का? मला तर ती बघवत नाही. ती बराच वेळ चटईवर पालथी पडून राहिली, गाल दस्त्यावर टेकून. मग म्हणाली, "हिने काय केलंय? आपण नीट निवडली होती." आणि श्वास सोडून, घाई न करता, एक बार काढला.

विकणार नाही बहुतेक. पण घरात आणणार नाही.

२५ मे

ह्यांनी कंपनीत जाऊन साहेबांची भेट घेतली. शाफ्टमध्ये उतरणार नाही, कार्यशाळेत बसून मोटारी दुरुस्त करीन, असं स्वतः सांगून आले. येताना जोडीदाराच्या बायकोकडे गेले होते, ऑगस्टनंतर पहिल्यांदा. काय बोललात? म्हणाले, "ती बोलली. मी ऐकलं. मग तिचं दाराचं कुलूप नीट बसत नव्हतं, ते बसवून दिलं." अवजारं कुठून आणलीत? "तिच्याकडे त्याची होती."

मी भांडी विसळत राहिले. डोळे भरून आले होते आणि मला ते दाखवायचे नव्हते. मग चिमीचा उद्याचा गणिताचा क्लास, तिचा हरवलेला कंपास, गीझर चालेना, ह्यांनी फ्यूज बदलला. दहा वाजून गेले. मी दिवा मालवला आणि आडवी झाले. दिवसभराची इतकी दमलेली की लगेच डोळा लागला.

हे उठून बसले ते गादी हलल्यावरून कळलं. माझी झोप एका क्षणात उडाली.

"काय झालं?"

"आज विचारलं नाहीस."

मी दिवा लावला, ह्यांचा चेहरा बघितला. झोपाळलेला होता, केस विस्कटलेले.

"मग? आहे का आज?"

ह्यांनी खरंच विचार केला. आत जाऊन बघून आल्यासारखा.

"नाही," म्हणाले. "आज नाही. पण विचारत जा."